अंगठी बोटात जाते, पण वेळेला निघते का?

मंगनीची बोलणी ठरली, तारीख निघाली, की दोन्ही घरची मंडळी सराफाच्या दुकानात जातात. वधूच्या अंगठीसाठी तासभर ट्रे उलटेपालटे होतात. नवऱ्या मुलाच्या अंगठीचे मात्र पाच मिनिटांत आटोपते. "चांदीची दाखवा, जरा जाडजूड, वर अकीक असलेली," एवढे सांगितले की झाले. वजन होते, भाव होतो, डबी खिशात जाते. मुलगा काय काम करतो हे सराफ विचारत नाही आणि घरचेही सांगत नाहीत. मुलगा हर्णैच्या बंदरातून बोटीवर जातो की भिवंडीत यंत्रमागावर उभा राहतो, ट्रक चालवतो की गवंडीकाम करतो, सुट्टीच्या दिवशी गावच्या मैदानावर क्रिकेट खेळतो की पोहायला जातो, याचा अंगठीशी काय संबंध, असे सर्वांना वाटते.

संबंध फार जवळचा आहे. आपल्या समाजात हाताने काम करणारे लोक जास्त. गादीवर बसून हिशेब लिहिणाऱ्याच्या बोटात कोणतीही अंगठी चालते. दोर ओढणाऱ्या, पाने फिरवणाऱ्या, शिडी चढणाऱ्या हाताची गोष्ट वेगळी आहे. त्या हातासाठी अंगठी निवडताना पहिला प्रश्न "दिसते कशी" हा नाही आणि "टिकते किती" हाही नाही. पहिला प्रश्न "वेळ आली तर ती बोटातून निघते कशी" हा आहे.

आमच्या ओळखीच्या एका ट्रकचालकाची हकीगत सांगतो. माल उतरवून झाला होता. फाळक्याच्या वरच्या कडेला हात धरून त्याने रोजच्यासारखी खाली उडी मारली. अंगठी फाळक्याच्या खिळीत अडकली. पाय जमिनीला लागण्याआधी क्षणभर साऱ्या शरीराचा भार त्या एका बोटावर आला. हातमोजा उलटा करून काढावा तशी बोटाची कातडी अंगठीबरोबर सरकली. बोट वाचले नाही. निकाहला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. तो आजही ट्रक चालवतो आणि भेटला की हसून बोलतो, पण मुसाफहा करताना हात पटकन मागे घेतो.

ही दुर्मीळ, विचित्र गोष्ट नाही. हाताच्या शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर या दुखापतीला वेगळे नाव देतात आणि तिच्या तीन पायऱ्या मानतात. ही वर्गवारी १९८१ पासून प्रचारात आहे. पहिल्या पायरीत रक्तपुरवठा शाबूत राहतो. दुसरीत रक्तवाहिन्या तुटतात आणि त्या सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा जोडाव्या लागतात. तिसरीत कातडी पूर्ण उतरते किंवा बोटच तुटते. यासाठी ट्रकच लागतो असेही नाही. अमेरिकेतील दूरचित्रवाणीचा प्रसिद्ध सूत्रसंचालक जिमी फॅलन २०१५ च्या जून महिन्यात आपल्या घरच्या स्वयंपाकघरात गालिच्याला अडखळून पडला. पडता पडता त्याच्या लग्नाची अंगठी ओट्याच्या कडेला अडकली. बोट वाचवण्यासाठी सहा तासांची शस्त्रक्रिया झाली आणि त्याला दहा दिवस अतिदक्षता विभागात काढावे लागले. त्याला पैसा होता, जवळ मोठे रुग्णालय होते. दापोलीच्या किंवा मंडणगडच्या एखाद्या आडगावी हे घडले तर पुढचे वाचकांनीच ओळखावे.

तेव्हा अंगठी घालू नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. मंगनीची अंगठी ही प्रेमाची आणि नात्याची खूण आहे, ती हौसेने घालावी. पण ती हाताला आणि कामाला साजेशी असावी आणि काही कामांच्या वेळी बाजूला काढून ठेवता यावी.

चांदी: किती आणि कशी

पुरुषाला सोने वर्ज्य, हे आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. तरीही दुकानात "व्हाइट गोल्ड"ची अंगठी नवऱ्या मुलासाठी घेणारे भेटतात. व्हाइट गोल्ड म्हणजे सोनेच. त्यात पॅलेडियम किंवा निकेल मिसळून पिवळा रंग घालवतात आणि वरून बहुधा ऱ्होडियमचा मुलामा देतात. रंग पांढरा झाला म्हणून धातू बदलत नाही. आपल्या दुकानदार बंधूंनी गिऱ्हाइकाला हे स्पष्ट सांगावे. एक अंगठी कमी विकली जाईल, पण गिऱ्हाईक टिकेल.

राहिली चांदी. तिच्या वजनाबाबत हनफी फिकहच्या किताबांत एक मिस्कालची मर्यादा सांगितली जाते. आपल्याकडे ती साडेचार मासे, म्हणजे सुमारे ४.३७ ग्रॅम, अशी धरतात. कोकणातील मंडळी शाफई. तिथे ठरावीक वजनापेक्षा रिवाज पाहिला जातो आणि उधळपट्टी नको असे सांगितले जाते. मसल्याचा निर्णय आलिमांकडून घ्यावा, तो या पानाचा विषय नाही. पण कारागिराच्या दृष्टीने या मर्यादेत एक चांगली गोष्ट दडली आहे. हलकी, सडपातळ अंगठी हीच कामाच्या हाताला बरी.

हिशेब करून पाहा. आतला व्यास २० मिलिमीटर, पट्टीची रुंदी ४ आणि जाडी दीड मिलिमीटर असा साधा सपाट छल्ला घेतला तर ९२५ चांदीत त्याचे वजन सुमारे ४.२ ग्रॅम भरते. रुंदी ६ आणि जाडी २ केली की तेच वजन साडेआठ ग्रॅमच्या वर जाते. म्हणजे हाताला दुप्पट ओझे, आणि अडकायला दीडपट रुंद कडा. पट्टीचा छेद चौकोनी न ठेवता बाहेरून अर्धगोल ठेवला तर त्याच वजनात रुंदी थोडी वाढवता येते आणि कडा हातमोज्यात किंवा दोरात अडकत नाहीत. दीड मिलिमीटरपेक्षा पातळ पट्टी मात्र रोजच्या कामात वाकते. लग्नात घातलेली गोल अंगठी वर्षभरात लंबगोल होते आणि गिऱ्हाईक सराफाला दोष देते.

पुष्कळ गिऱ्हाइके "चोख चांदी पाहिजे" असा आग्रह धरतात. चोख चांदी तोळामोल ठेवायला ठीक, अंगठीला नाही. ती फार मऊ. १००० भागांत ९२५ भाग चांदी आणि बाकी तांबे हे प्रमाण जगभर दागिन्यांसाठी चालते, कारण तेवढ्या तांब्याने चांदीला ताठरपणा येतो. आणखी एक गोष्ट जुन्या कारागिरांना ठाऊक असते, नवे विसरतात. डाक देताना तापल्यामुळे सारी अंगठी मऊ पडते. ती थंड झाल्यावर सळईवर चढवून लाकडी किंवा चामड्याच्या हातोडीने सगळीकडून ठोकून घेतली तर पुन्हा कडक होते आणि गोलाईही पक्की बसते. पाच मिनिटांचे काम आहे. हे न करता नुसते घासून चकाकी दिली तर अंगठी दिसायला सारखीच दिसते, टिकायला नाही. गिऱ्हाइकाने "ठोकून दिली आहे का?" असे विचारायला हरकत नाही. त्या प्रश्नाने कारागीरही सावध होतो.

आतून पोकळ, वरून भरदार अशी अंगठी कामाच्या माणसाने घेऊच नये. ती एकदा चेपली की सरळ होत नाही, आणि चेपलेली अंगठी बोटात रुतते.

समुद्रावर काम करणाऱ्यांची तक्रार असते की चांदी काळी पडते. खारे पाणी, घाम, रबर, अंडी या सर्वांचा चांदीवर परिणाम होतो. काळेपणा मुख्यतः गंधकामुळे येतो, म्हणून टायर-ट्यूबच्या दुकानात काम करणाऱ्याची अंगठी लवकर काळवंडते. चांदी हलकी होती म्हणून ती काळी पडली, असा अर्थ काढू नये. उपाय घरगुती आहे. भांड्याच्या तळाशी ॲल्युमिनियमचा पातळ कागद पसरावा, त्यावर अंगठी ठेवावी, चमचाभर खाण्याचा सोडा टाकून कढत पाणी ओतावे. सडक्या अंड्यासारखा किंचित वास येतो आणि काळेपणा उतरतो. यात चांदी घासली जात नाही, वजन घटत नाही. राखेने आणि रांगोळीने घासणाऱ्यांचे मात्र दरवेळी थोडे थोडे नुकसान होते. नग बसवलेली किंवा मुद्दाम काळी नक्षी ठेवलेली अंगठी या पाण्यात टाकू नये.

बाजारातले नवे धातू

शहरांतील मोठ्या दुकानांत आता प्लॅटिनम, टायटेनियम, स्टेनलेस स्टील आणि टंगस्टन कार्बाइडच्या अंगठ्या मिळतात. आखातातून येणारे आपले भाऊही त्या घेऊन येतात. वर सांगितलेल्या ४ बाय दीड मिलिमीटरच्या मापाची अंगठी प्लॅटिनममध्ये केली तर साधारण सव्वाआठ ग्रॅम भरते, स्टीलमध्ये सव्वातीन, टायटेनियममध्ये दोन ग्रॅमच्याही आत. टायटेनियम हलके, गंजत नाही, खाऱ्या पाण्याला दाद देत नाही. ऐकायला सर्व छान वाटते. पण आपला पहिला प्रश्न विचारा: निघते कशी?

बोट सुजले आणि अंगठी काढता आली नाही की ती कापावी लागते. रुग्णालयात यासाठी लहान गोल करवतीची कातरी असते. चांदी आणि सोने तिने सहज कापले जाते. नाहीतर गावचा सोनारही बारीक करवतीने हे काम करतो. स्टील आणि टायटेनियमला वेळ लागतो, कातरीची पाती झिजतात, अंगठी तापते म्हणून वरून पाणी सोडत राहावे लागते. टंगस्टन कार्बाइड तर कापलेच जात नाही. ते इतके कठीण असते की करवत घसरते. पण तितकेच ते ठिसूळ असते, म्हणून लॉक होणाऱ्या पकडीत धरून हळूहळू दाब वाढवत गेले की तडकते. हे ज्याला माहीत नाही तो करवतीशी झटत बसतो आणि इकडे बोट निळे पडत जाते. या अंगठीचे माप पुढे वाढवताही येत नाही. विकणाऱ्याने या दोन्ही गोष्टी विकतानाच सांगाव्यात.

लोखंड-पितळेच्या अंगठीबद्दल मसलकांत मतभेद आहेत, तेव्हा स्टीलची घेण्याआधी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. आणखी एक फसवणूक नेहमीची आहे. "जर्मन सिल्व्हर" या नावाच्या धातूत चांदीचा कणही नसतो. ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण आहे. निकेलने अनेकांच्या कातडीला खाज सुटते, पुरळ उठते, आणि घामाने भिजणाऱ्या हाताला तो त्रास अधिक होतो.

माप संध्याकाळी घ्यावे

अंगठीचे माप सकाळी, दुकानाच्या पंख्याखाली बसून घेतले जाते आणि पुढे तीच अंगठी भर उन्हात फावडे धरणाऱ्या हातात असते. उन्हाने आणि कामाने बोट फुगते, थंड पाण्यात आक्रसते. म्हणून माप दिवसाचे काम आटोपल्यावर घ्यावे, एकदा नव्हे दोन-तीन वेळा. गारठ्यात बर्फाच्या पेट्या हाताळणाऱ्या मच्छीमाराची अडचण उलट असते. त्याची अंगठी सैल होऊन पाण्यात जाते. त्याने थंड हाताचेही माप पाहावे आणि दोन्हींच्या मधले, पेरावरून थोडी अडखळत जाणारे माप धरावे. पट्टी रुंद असेल तर तेच बोट अर्धा-एक नंबर मोठे माप मागते. कारागिरांनी आतली बाजू किंचित फुगीर, कडा गोलसर ठेवल्या तर अंगठी पेरावरून सहज जाते-येते आणि खाली ओल साचत नाही. गवंडीकाम करणाऱ्यांनी हे जरूर पाहावे. अंगठीखाली अडकलेले ओले सिमेंट कातडी जाळते.

वुजू करताना घट्ट अंगठी हलवून तिच्याखाली पाणी पोचवतात. दिवसातून पाच वेळा अंगठी फिरवणाऱ्याला ती घट्ट होऊ लागली हे सर्वांच्या आधी कळते. ज्या दिवशी ती फिरेना, त्या दिवशीच सोनाराकडे जावे. लग्नानंतर दोन-चार वर्षांत बहुतेकांची अंगे भरतात आणि बोटेही. माप वाढवणे सोपे आहे, फक्त नवा तुकडा घालून डाक दिला असेल तर तो सांधा नीट भरला आहे ना, हे भिंगाने पाहून घ्यावे. नुसते सळईवर ठोकून वाढवलेली अंगठी पातळ होते.

बरेच पुरुष चांदीची अंगठी करंगळीत घालतात. करंगळी हाताच्या कडेला असल्यामुळे तिच्यातली अंगठी भिंतीला, दाराला, गाडीच्या पत्र्याला जास्त आपटते. तिथे तर उंच नग मुळीच नको.

नग आणि त्याचे कोंदण

नग बोटाच्या वर जितका उंच, तितका अडकण्याचा धोका मोठा. बारीक काट्यांनी पकडलेला नग सुंदर दिसतो कारण त्यात चारी बाजूंनी उजेड शिरतो. पण ते काटे दोरात, जाळ्यात, लोकरीत अडकतात आणि एकेक करून वाकतात. कामाच्या हाताला बंद कोंदण हवे. नगाच्या भोवती धातूची अखंड कडा आणि नग पट्टीत बुडालेला असावा. हात फिरवला तर बोटाला काही टोचू नये, ही साधी परीक्षा.

कोणता नग टिकतो याची एक किल्ली आहे. हवेतल्या धुळीत वाळू असते, वाळूत गारगोटीचे कण असतात, आणि गारगोटीचा कठीणपणा मोहसच्या पट्टीवर ७ आहे. ७ पेक्षा मऊ नग धुळीनेच ओरखडतो. अकीक हा गारगोटीच्याच जातीचा, म्हणून तो वर्षानुवर्षे चमक धरतो. खंबायतच्या कारागिरांनी शतकानुशतके घासून जगभर पाठवलेला हा दगड गरिबाच्याही खिशाला परवडतो. याकूत आणि नीलम ९ वर, हिरा १० वर. फिरोजा मात्र ५ ते ६, शिवाय सच्छिद्र. तेलाच्या हातांनी तो निळ्याचा हिरवट होतो. गॅरेजमध्ये काम करणाऱ्याने फिरोजा घेतला तर वर्षभरात तो ओळखू येणार नाही. मोती त्याहून नाजूक, घाम आणि लिंबाचा रसही त्याला मानवत नाही. पाचू कठीण असला तरी आत चिरा असतात आणि त्या लपवण्यासाठी बहुधा तेल भरलेले असते. साबणाच्या पाण्याने तेल गेले की चिरा दिसू लागतात.

वधूच्या अंगठीत हे सारे अधिक लागू होते, कारण तिचा हात कमी कामाचा असतो असे फक्त पुरुषांनाच वाटते. कणीक मळणे, मासळी साफ करणे, भाताची लावणी, कपडे धुणे, हे सगळे त्याच बोटांनी. उंच काट्यांच्या कोंदणात कणीक जाऊन बसते आणि काढता काढता नग हलतो. बावीस कॅरटचे सोने काट्यांना मऊ पडते. हिऱ्याची किंवा इतर नगाची अंगठी असेल तर अठरा कॅरट बरे, नुसता छल्ला असेल तर बावीस चालते. "कमी कॅरट म्हणजे कमी दर्जा" हा गैरसमज इथे सोडावा. अठरा कॅरटात बाकीचा चौथा भाग मिश्रधातूचा असतो आणि नग धरून ठेवण्याची ताकद त्यातूनच येते. फक्त एक पथ्य आहे. ब्लीचिंग पावडर आणि तरणतलावाच्या क्लोरीनपासून कमी कॅरटचे सोने दूर ठेवावे, त्याने काट्यांना बारीक तडे जातात. आणि पारा कुठल्याच सोन्याजवळ नको.

काही कामांत अंगठी नकोच

आता स्पष्ट बोलायला हवे. फिरते यंत्र चालू असताना बोटात कोणतीही अंगठी नको. लेथ, ड्रिल, यंत्रमाग, बोटीवरचा दोर ओढण्याचा विंच यांच्यापुढे चांगली अंगठी आणि वाईट अंगठी असा भेद राहत नाही. पातळ चांदी ताणाखाली वाकते, कधी डाकाशी उघडते. तेवढ्यापुरती ती स्टीलपेक्षा दयाळू. पण त्या भरवशावर राहणे म्हणजे सुताराने करवतीच्या भोथरेपणावर विसंबण्यासारखे. आखातात बांधकामावर किंवा तेलक्षेत्रात काम केलेल्यांना हे सांगावे लागत नाही. तिथे अनेक साइटवर अंगठी काढल्याशिवाय आत सोडत नाहीत.

विजेचे आणि बॅटरीचे काम करणाऱ्यांसाठी तर चांदीच सर्वांत वाईट. उष्णता आणि वीज वाहून नेण्यात सर्व धातूंत चांदीचा पहिला नंबर आहे. मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा झटका बसत नाही, म्हणून मेकॅनिक बेफिकीर असतात. पण पाना धनाग्रावर आणि अंगठी पाना व बॉडीच्या मध्ये आली की तिच्यातून शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो आणि ती क्षणात लाल होते. बोटाभोवती कड्यासारखा खोल भाजल्याचा व्रण राहतो. हात झटकला तरी अंगठी हाताबरोबरच येते.

अंगठी काढायची तर ठेवायची कुठे, हा खरा व्यवहारी प्रश्न आहे. शर्टाच्या खिशात ठेवलेली अंगठी वाकताना पडते. गळ्यात दोऱ्याला बांधली तर तो दोराच यंत्रात जाण्याची भीती. किल्ल्यांच्या जुडग्याला लहान बंद डबी अडकवणे किंवा जेवणाच्या डब्याच्या पिशवीला आतून शिवलेला कप्पा ठेवणे हे दोन उपाय आम्ही पाहिले आहेत आणि ते चालतात. कामावर काहीतरी बोटात हवेच असेल तर सिलिकॉन रबराचा छल्ला मिळतो. स्वस्त असतो, वीज वाहत नाही, जोराचा ताण आला की तुटतो. त्याचा उपयोगच तुटण्यात आहे, म्हणून जाड न घेता पातळ घ्यावा. डोंगर चढणाऱ्यांनी आणि क्रिकेट-व्हॉलीबॉल खेळणाऱ्यांनीही हाच वापरावा. वेल्डिंगवाल्याला तो उपयोगी नाही, ठिणग्यांनी जळतो.

खरेदी करताना शिक्का पाहावा. सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक आवश्यक झाला. तो क्रमांक बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर टाकला की दागिना कुठल्या शुद्धतेचा ते कळते. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला मात्र सक्तीतून सूट आहे, आणि वधूच्या नाजूक अंगठ्या पुष्कळदा त्याच वजनात बसतात. तिथे दुकानदाराच्या पक्क्या पावतीवर कॅरट लिहून घ्यावे. चांदीच्या हॉलमार्कची योजना २००५ मध्ये सुरू झाली. १ सप्टेंबर २०२५ पासून तिलाही एचयूआयडी क्रमांक देण्याची सोय झाली, पण ऐच्छिक. अंगठीच्या आतल्या बाजूला ९२५ चा शिक्का आहे की नाही ते पाहावे. माप वाढवताना किंवा घासताना तो शिक्का पुसला जाऊ नये, हे कारागिराला आधीच बजावावे. नग असलेल्या अंगठीला दुरुस्तीची आंच लावण्याआधी नग कसला आहे तेही सांगावे. काच भरलेले माणिक बाजारात पुष्कळ आहे, ते आंचेने आणि तेजाबाने खराब होते.

दुकानदार बंधूंसाठी एक सूचना. पावतीपुस्तकात नाव आणि मापाबरोबर "काम" असा आणखी एक रकाना छापून घ्या. ड्रायव्हर, मच्छीमार, गवंडी, शिक्षक, जे असेल ते. त्यावरून दहापैकी आठ वेळा कोणती अंगठी दाखवायची हे आपोआप ठरते, आणि सहा महिन्यांनी काटे व डाक मोफत तपासून देण्यासाठी कोणाला बोलवायचे तेही.

शेवटी अडकलेल्या अंगठीबद्दल. हाताला कुठेही मार लागला, विंचू चावला, भाजले, तर सूज येण्याआधी पहिल्यांदा अंगठी काढावी, मग बाकीचे उपचार. ती निघत नसेल तर हात थोडा वेळ डोक्यापेक्षा उंच धरावा, गार पाण्यात बुडवावा, साबण किंवा तेल लावून पिळत पिळत काढावी, सरळ ओढू नये. तरीही निघाली नाही तर लांब, गुळगुळीत दोरा घ्यावा. नायलॉनचा उत्तम. त्याचे एक टोक बारीक काडीने अंगठीखालून तळहाताच्या बाजूला काढावे. दुसऱ्या बाजूने अंगठीला लागून बोटावर दोऱ्याचे वेढे एकाला एक चिकटून, पेराच्या पलीकडेपर्यंत घट्ट गुंडाळावेत. मग तळहाताकडचे टोक बोटाच्या शेंड्याच्या दिशेने ओढत वेढे सोडवत जावे. दोरा सुटेल तशी अंगठी पुढे सरकते. दुखते, पण बहुधा निघते. बोट जखमी असेल, हाड मोडल्याची शंका असेल किंवा बोट पांढरे-निळे पडून बधिर झाले असेल तर दोऱ्याच्या नादी न लागता अंगठी कापून टाकावी. चांदीची असेल तर सोनार ती जोडून देतो, आणि डाकाची मजुरी फार होत नाही.